अडथळ्याला आधी पत्ता द्या: भीमेच्या दोन काठांवरच्या गावांना एकत्र काम करायचं असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, भीमेच्या काठावर. समोरचं गाव कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातलं, जिल्हा विजयपूर (जुनं विजापूर). मध्ये फक्त नदी आणि बंधारा. निम्म्या घरांच्या सोयरिकी पलीकडे आहेत. दोन्ही गावांनी मिळून तीन कामं ठरवली: एक रुग्णवाहिका, एक दूध संकलन केंद्र आणि नदीवरून सामायिक उपसा सिंचन. वर्ष झालं, जिथे जावं तिथे एकच उत्तर मिळतं, 'हे आमच्या हद्दीत येत नाही.' सीमावाद सुटल्याशिवाय असं काही होणारच नाही का?"

होईल. तिन्हीपैकी दोन कामं आजच्या कायद्यात बसतात. तिसरं बसत नाही, ते का ते पुढे सांगतो. सीमावादाच्या निकालासाठी मात्र थांबू नका, एवढं आधीच स्पष्ट करतो.

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला. आता सोलापुरात घरी बसलो तरी सल्ला विचारायला येणाऱ्यांत निम्मे लोक सीमेवरचेच असतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विजापूर आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. अफझलपूर, आळंदचा भाग हैदराबाद राज्यात. राज्य पुनर्रचनेने विजापूर म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेलं आणि नदी ही राज्याची हद्द झाली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून. तो वाद मोठा आहे, लोकांच्या भावना त्यात खऱ्या आहेत, मी त्यावर इथे काही बोलत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. निकाल काहीही लागला तरी रेष पुसली जाणार नाही, फार तर सरकेल. जिथे सरकेल तिथल्या दोन गावांपुढे रुग्णवाहिकेचा आणि दूध केंद्राचा हाच प्रश्न उभा राहील. म्हणून हा प्रश्न वादापेक्षा वेगळा आहे आणि तो वेगळाच हाताळायला हवा.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या पत्राची प्रत तुम्ही जोडली आहे. त्यात लिहिलंय, "दोन्ही राज्यांच्या प्रशासनाने सहकार्य करावे ही नम्र विनंती." हे पत्र कुठल्याही टेबलावर गेलं तरी पुढच्या टेबलावर सरकवलं जाणार, कारण त्यात अडथळा काय आहे हेच नाही. कुठला कागद, कुठल्या खिडकीवर, कुठल्या नियमाखाली नाकारला, कोणी नाकारला, लेखी की तोंडी? अडथळ्याला पत्ता असला तरच त्याच्या दारात जाता येतं. माझ्या सगळ्या नोकरीत सीमेवरची जी कामं मार्गी लागलेली पाहिली, ती अशी पत्ता सापडल्यावर लागली. आणि पत्ता शोधायला गेलं की बऱ्याचदा कळतं, कायदा आड येतच नव्हता.

एक प्रकरण जवळून सांगतो. इंडी तालुक्यातल्या एक बाई. नवऱ्याची वडिलोपार्जित दोन एकर जमीन अलीकडच्या काठावर, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, आणि राहणं पलीकडे. नवरा तिकडेच वारला. वारस नोंदीसाठी बाई तलाठ्याकडे आल्या. हातात मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून (तिकडच्या महसूल कार्यालयातून) मिळालेला वंशवृक्ष, कन्नडमध्ये. तलाठी म्हणाले, "मला वाचता येत नाही, मराठीत आणा." बाई परत इंडीला गेल्या. तिथले म्हणाले, "आम्ही मराठीत देऊ शकत नाही." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आपल्याकडे १९६४ चा राजभाषा अधिनियम, त्यांच्याकडे १९६३ चा. बाईंचे चार हेलपाटे झाले. चौथ्या खेपेला नवीन अडचण निघाली: सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव 'सिद्राम मल्लप्पा', कन्नड कागदावर 'सिद्धरामप्पा'. त्या कचेरीच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "साहेब, माणूस एकच होता हो. दोन राज्यांनी त्याची दोन माणसं केली."

काय केलं ते सांगतो, कारण हेच तुमच्या गावात दर महिन्याला लागेल. वंशवृक्षाची तिकडच्या कार्यालयाची प्रमाणित नक्कल घेतली, झेरॉक्स नाही. कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या एका गुरुजींकडून मराठी भाषांतर करून घेतलं, खाली त्यांचं प्रतिज्ञापत्र. नावाच्या फरकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र, सोबत गावातल्या दोन पंचांचे जबाब. आणि वर एक पानी अर्ज. त्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ चा उल्लेख: कुठल्याही राज्याचे सार्वजनिक अभिलेख संपूर्ण भारतात ग्राह्य मानले पाहिजेत. अर्जाचं शेवटचं वाक्य होतं, "नोंद घ्यावी, अथवा कोणत्या तरतुदीनुसार घेता येत नाही ते लेखी कळवावे." फेरफार धरला गेला, नोटिशीची मुदत गेली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. एकही कायदा बदलला नाही, मंत्रालयात कोणी गेलं नाही. तलाठीही वाईट माणूस नव्हता. त्याला भीती एवढीच होती की वाचता न येणाऱ्या कागदावर सही केली आणि उद्या तक्रार झाली तर जबाब त्याला द्यावा लागेल. भाषांतर आणि प्रतिज्ञापत्राने ती भीती गेली. सीमेवरच्या नकारामागे बहुतेक वेळा ही भीती असते, द्वेष नसतो. समोरच्या माणसाला सही करण्याइतका आधार द्या.

(बँकेतल्या ठेवींचा विषय असेल तर हे पुरणार नाही. तिथे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्या. ते देशभर चालतं, राज्य बदललं म्हणून दुसऱ्यांदा काढावं लागत नाही.)

रुग्णवाहिकेकडे येतो. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर परवाना लागेल आणि तो कोण देणार, यावर काम अडलंय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ६६ काढून वाचा. ज्या वाहनांना परवान्यातून सूट आहे त्यांत केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरलं जाणारं वाहन आहे. म्हणजे ज्या परवान्यासाठी तुम्ही वर्षभर फिरलात तो लागतच नाही. त्या कलमाची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा, रस्त्यात कोणी अडवलं तर कामी येईल. कर हा वेगळा विषय आहे. तो राज्याचा, त्याची चौकशी दोन्हीकडे स्वतंत्र करा. आणि कलम ४७ विसरू नका: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नवीन नोंदणी करावी लागते. म्हणून गाडी रात्री कुठल्या काठावर उभी राहणार ते आधी ठरवा आणि तिथेच नोंदवा.

गाडी कोणाच्या नावावर, हा खरा पेच आहे. ग्रामपंचायतीच्या नावावर घेऊ नका. ग्रामपंचायतीचे अधिकार गावाच्या हद्दीपुरते. पलीकडच्या गावासाठी डिझेल घातलं की लेखापरीक्षणात आक्षेप निघणार आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांवर येणार. गाडी एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्या. दोन्ही ग्रामपंचायतींनी आपापल्या ग्रामसभेत ठराव करावा की आपल्या गावच्या रुग्णांना सेवा मिळते त्यापोटी आपण आपला वाटा संस्थेला देतो. प्रत्येकाचा पैसा आपल्याच गावच्या माणसासाठी खर्च होतो, म्हणून आक्षेपाला जागा उरत नाही. ठरावाचा मजकूर दोन्हीकडे शब्दशः एकच हवा, एक प्रत मराठीत, एक कन्नडमध्ये.

गाडी आली तरी तीन गोष्टी बघा. पहिली, पावसाळा. बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढले आणि बंधाऱ्यावरून पाणी गेलं की समोर दिसणारं गाव पुलाच्या वळशाने गाठावं लागतं. त्या दिवसांत गाडी कुठे ठेवायची हे आत्ताच लिहून ठेवा, जुलैत भांडू नका. दुसरी, १०८. काठावर मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल त्यावर फोन कुठल्या राज्याच्या केंद्रात लागणार ते ठरतं, आणि पलीकडच्या केंद्राला तुमच्या गावाचं नाव त्यांच्या यादीत सापडत नाही. मी असे फोन लावून पाहिले आहेत. फोन करणाऱ्याने आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका सांगायचा आणि मग गाव, एवढं घराघरांत शिकवा. दोन्ही बाजूंच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे थेट नंबर मंदिराच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. तिसरी, कार्ड. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण पूर्वीपासून येतात. पण राज्याची स्वतःची आरोग्य योजना त्या राज्यातल्या माणसासाठी असते. आयुष्मान भारतचं केंद्राच्या यादीतलं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयात चालतं. कुठल्या घरात कुठलं कार्ड आहे याची यादी चालकाकडे असू द्या. रात्री दोनला अपघात विभागाच्या दारात ते शोधायची वेळ नसते.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. सोलापुरात रुग्ण दगावला तर मृत्यूची नोंद सोलापूर महापालिकेत होते, कारण १९६९ च्या कायद्याने नोंद घटनेच्या जागी होते, राहत्या गावी नाही. २१ दिवसांत नोंद करून दाखला हातात घ्या आणि नाव तिथेच, आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणे, तपासा. वर्ष उलटलं की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मयताच्या बायकोला इंडीहून सोलापूरला त्या एका अक्षरासाठी खेपा घालाव्या लागतात. मी अशा बायका पाहिल्या आहेत.

दूध केंद्राचं काम सगळ्यात सोपं. दोन्ही गावांत मिळून सहकारी संस्था काढायची म्हणून तुम्ही सहायक निबंधकांकडे गेलात आणि त्यांनी परत पाठवलं. त्यांचं बरोबर आहे. राज्याच्या सहकार कायद्याखालच्या संस्थेचं कार्यक्षेत्र राज्याबाहेर जात नाही. त्यासाठी बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ आहे, पण त्यात दोन्ही राज्यांतून प्रत्येकी किमान पन्नास व्यक्तींच्या सह्या लागतात आणि अर्ज दिल्लीला केंद्रीय निबंधकांकडे जातो. एका गावच्या दूध केंद्रासाठी मी ते सुचवणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनी काढा. कंपनी कायदा केंद्राचा आहे, दहा उत्पादक पुरतात आणि सभासद कुठल्या राज्यातला आहे हे कायदा विचारत नाही. एकच सावधगिरी: राज्य सरकारच्या अनुदान योजनांमध्ये पलीकडचे सभासद धरले जातीलच असं गृहीत धरू नका. कंपनी आधी स्वतःच्या भांडवलावर उभी राहील असा हिशेब मांडा.

आता उपसा सिंचन. हे सोडून द्या. मनाला लागेल, पण सोडा. भीमा कृष्णेच्या खोऱ्यातली नदी. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राला ५६० आणि कर्नाटकाला ७०० टीएमसी पाणी ठरवून दिलं आणि दोन्ही राज्यं त्या हिशेबातला प्रत्येक थेंब आपल्या खात्यावर मांडतात. एकाच पंपातून दोन राज्यांच्या शिवारात पाणी गेलं तर ते कोणाच्या वाट्यातलं, याचं उत्तर देण्याचा अधिकार तहसीलदाराला नाही, जिल्हाधिकाऱ्याला नाही, पाटबंधारे खात्याच्या मुख्य अभियंत्यालाही नाही. वीजही दोन कंपन्यांची, इकडे महावितरण, तिकडे हेस्कॉम. हा अडथळा खराखुरा कायद्याचा आहे आणि त्याचा पत्ता फार वर आहे. तुमची ताकद त्यात घालू नका. प्रत्येक गावाने आपापली योजना आपापल्या परवानगीने करावी.

पण पाण्याच्याच बाबतीत एक काम हातात घ्या, ज्याने माणसं वाचतील: पुराचा निरोप. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला तेव्हा दोन्ही काठ बुडाले. उजनीतून किती पाणी सोडलं हा आकडा पाटबंधारे खात्याकडून आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून पलीकडच्या जिल्ह्यात, तिथून तालुक्याला आणि मग गावाला असा उतरतो. त्या रात्री मी पाहिलं, पलीकडच्या गावाला सरकारी निरोपाच्या आधी मेव्हण्याचा फोन गेला होता. सोयरिकीने काम भागलं, पण ज्यांची सोयरीक नाही त्यांचं काय? बंधाऱ्याजवळच्या चार-चार गावांतले पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तिकडचे ग्राम प्रशासन अधिकारी यांचा एकच संदेशगट करा आणि त्याला दोन्ही तहसीलदारांची लेखी मान्यता घ्या. याला कुठलाच कायदा आड येत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

इथपर्यंत तुमच्या तीन कामांचं झालं. पण तुमच्या प्रश्नामागे एक मोठी खंत दिसते: दोन्ही राज्यं सोयी करतात, पण त्या नदीच्या मधोमध येऊन थांबतात. ही खंत खरी आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून महिलांना मोफत प्रवास, पण तो तिथल्या रहिवासी महिलांना, त्यांच्या हद्दीत. अक्कलकोटहून माहेरी निघालेली बाई दोन्ही सवलतींच्या मधून जाते. शेतकऱ्याचंही तसंच. आपल्याकडे फार्मर आयडी, त्यांच्याकडे 'फ्रूट्स' या शेतकरी नोंदणीचा क्रमांक. दोन्ही काठांवर जमीन असलेला माणूस दोन्हीकडे अर्धाच शेतकरी दिसतो.

प्रवेशांचं बघा. कर्नाटकाच्या व्यावसायिक प्रवेशांत 'गडिनाडू' म्हणून सवलत आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातून शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. दोन्ही नियम चांगल्या हेतूचे. पण दोघांनीही आपल्या भाषेचं पलीकडे राहिलेलं मूल तेवढं बघितलं, शेजारचं मूल कोणीच बघितलं नाही. आणि तुमच्या गावात यातलं एकही कोणाला ठाऊक नसतं, हे जास्त वाईट. शाळेच्या फलकावर दोन्ही लावा.

सर्वांत कठीण विषय जातीच्या दाखल्याचा. इंडीकडची अनुसूचित जातीची मुलगी अक्कलकोट तालुक्यात दिली. जात तीच, रिवाज तेच, अंतर नदीच्या पात्राएवढं. पण अनुसूचित जातीची यादी राज्यवार आहे, अनुच्छेद ३४१ प्रमाणे. वडील किंवा त्यांचे पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी कुठले रहिवासी होते यावर तिचं राज्य ठरतं, आणि लग्नाने ते बदलत नाही. राज्याबाहेरून आलेल्यांना नव्या राज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलंय. त्यामुळे ती राखीव जागेवर सरपंचपदाला उभी राहू शकत नाही. तिच्या मुलांना वडिलांकडून दाखला मिळतो, तिला नाही. इथे सेतू केंद्रातल्या मुलाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. हा पत्ता संसदेचा आहे. पण पत्ता माहीत असला तर निदान निवेदन योग्य दारात जाईल, आणि लग्न ठरताना मुलीला हे आधी सांगता येईल. तेवढंही आज कोणी सांगत नाही.

मग वरच्या दारात जायचं कसं? इथे एक गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली आहे. राज्या-राज्यांतले प्रश्न बसून सोडवायला १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, मुख्यमंत्री सदस्य. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, गुजरात आणि गोव्याबरोबर. कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे ज्यांच्यात सीमेचा एवढा मोठा प्रश्न, ते दोघं एका टेबलावर येतच नाहीत. कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय आहे, ती वापरावी अशी मागणी आपण सोलापूरकरांनी सातत्याने करायला हवी. २०२२ च्या डिसेंबरात सीमेवर ताण वाढला तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरवली. चांगलं झालं, पण ते ताण निवळण्यासाठी होतं. वारस नोंद, १०८ आणि मृत्यूचा दाखला यांसाठी कोणी मंत्री बसणार नाही. त्याला रोजचं टेबल लागतं.

असं टेबल जगात आहे. युरोपात १९८० च्या माद्रिद करारापासून सीमेवरच्या गावा-शहरांच्या सहकार्याचं काम चालू आहे. पिरेनीज पर्वतात स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्दान्या नावाच्या खोऱ्यात दोन्ही देशांनी मिळून एक रुग्णालय बांधलं, २०१४ मध्ये ते सुरू झालं. तिथेही आपल्यासारखेच प्रश्न आले: स्पेनच्या बाजूला जन्मलेल्या फ्रेंच बाळाची नोंद कशी करायची, मयताला सीमेपलीकडे घरी न्यायला कुठले कागद. दोन स्वतंत्र देश, तरी एकेक कागद धरून त्यांनी वाट काढली. आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाने एक नियम केला. सीमेवरच्या कोणालाही अडथळा आढळला तर तो लेखी नोंदवता येईल असं समन्वय केंद्र देशांना उभं करता येईल, अशी त्यात सोय आहे. त्यातलं मला सर्वांत पटलेलं तत्त्व हे की अडथळा काढलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण ज्याने तो नोंदवला त्याला काय केलं, किंवा का केलं नाही, याचं उत्तर मिळालं पाहिजे. आपल्या सीमेवरच्या माणसाला नेमकं हेच मिळत नाही. त्याला नकारही मिळत नाही, फक्त दुसरी खिडकी दाखवली जाते.

आपल्याला नवा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण उत्तर मिळवायची साधनं दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम, त्यांच्याकडे २०११ च्या कायद्याखालची 'सकाल' योजना. दोन्हींत सेवेला मुदत आहे. तोंडी विचारत फिरू नका, अर्ज नोंदवा, पोच घ्या. आणि माहितीचा अधिकार केंद्राचा कायदा आहे. अक्कलकोटच्या माणसाला इंडीच्या तहसील कार्यालयात अर्ज करता येतो, तो भारताचा नागरिक आहे एवढं पुरतं. फार थोड्यांना हे माहीत असतं.

पत्र लिहिताना पदनाम जपा. कर्नाटकात जिल्ह्याच्या प्रमुखाला डेप्युटी कमिशनर म्हणतात. आपल्याकडे त्याचं भाषांतर 'उपायुक्त' करून पत्र जातं आणि इथला कारकून समजतो की कुठल्यातरी खालच्या अधिकाऱ्याला लिहायचंय, म्हणून तो नायब तहसीलदाराच्या सहीने पाठवतो. तिकडे ते पत्र त्या सहीच्या मानाने वाचलं जातं. 'जिल्हाधिकारी, विजयपूर' असं लिहा आणि आपल्याही बाजूने प्रांताधिकाऱ्यांच्या खालची सही नको.

तर आत्ता करायचं ते असं. ग्रामसभा २ ऑक्टोबरला घ्या, पलीकडच्यांनाही त्याच दिवशी घ्यायला सांगा. ठराव एक, भाषा दोन. रुग्णवाहिका, उत्पादक कंपनी आणि पूरनिरोपाचा गट, एवढंच त्यात ठेवा, उपसा सिंचन वगळा. सोबत एक वही घाला. प्रत्येक अडथळ्याला एक पान: तारीख, कार्यालय, कागद, काय म्हणाले, कुठल्या नियमाने. सहा महिन्यांत वीस-पंचवीस पानं भरतील. ती वही घेऊन आपण दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत जाऊ आणि सीमेवरच्या अर्जांसाठी एक टेबल, एक माणूस आणि एक नोंदवही मागू. भाषणापेक्षा ती वही जास्त बोलेल.

भाषांतराची काळजी करू नका. तुमच्या शेजारच्या गावातल्या कन्नड शाळेतले गुरुजी दोन्ही लिपी वाचतात, त्यांना माझं नाव सांगा. वंशवृक्षाचा आणि नावाच्या फरकाच्या प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना मी दोन्ही भाषांत तयार ठेवला आहे. येताना ठरावाचा कच्चा मसुदा आणा, आणि पलीकडच्या गावातल्या एकाला बरोबर घेऊन या. कन्नड बाजू त्यांनी मोठ्याने वाचायची, मराठी तुम्ही. जिथे दोघांचा अर्थ जुळणार नाही ते वाक्य तिथेच दुरुस्त करू.